'पिशवी काढली' : एका प्रचलित वाक्याची चिकित्सा

शस्त्रक्रियेने गर्भाशय काढलेल्या स्त्रीचा पूर्ववृत्तान्त मराठीत बहुधा एका वाक्यात आटोपतो : 'पिशवी काढली.' बोलीच्या दृष्टीने वाक्य निर्दोष आहे. परंतु पुढे हार्मोनचा उपचार घ्यावा की नाही, हा निर्णय ज्या माहितीवर अवलंबून असतो, नेमकी तीच या वाक्यातून गळालेली असते.

वाक्य कर्मणि प्रयोगातील असून क्रियापद 'पिशवी' या एकवचनी स्त्रीलिंगी कर्माशी जुळते. दोन अंडाशयांना त्यात स्थानच उरत नाही. वस्तुतः इस्ट्रोजेन निर्माण करण्याचे कार्य गर्भाशयाचे नसून मुख्यतः अंडाशयांचे होय. ते शाबूत असल्यास पाळी थांबूनही ही निर्मिती चालू राहू शकते. दोन्ही काढल्यास ती एकाएकी घटते; अंगाची आग, निद्रानाश हे त्रास संभवतातच, शिवाय तरुण वयात हे घडल्यास पुढे हाडे ठिसूळ होण्याचा व हृदयविकाराचा धोका वाढतो. अशा स्त्रीला, स्तनाच्या कर्करोगासारखी अडचण नसल्यास, सुमारे पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन घेण्याचा सल्ला सामान्यतः दिला जातो.

हा दोष शास्त्रीय परिभाषेने दूर होईल, ही अपेक्षाही फोल ठरते. रजाची निवृत्ती हे लक्षण. अंडाशयांचे कार्य संपणे हे कारण. 'रजोनिवृत्ती' या समासाने लक्षणाचेच नाव अवस्थेला दिले आहे. ग्रीक धातूंपासून बनलेल्या 'मेनोपॉज' या संज्ञेतही हीच उणीव आहे. एरवी लक्षण व कारण एकत्र नांदतात, म्हणून संज्ञा खपून जाते. शस्त्रक्रिया ही जोडी फोडते : एकीची पाळी गेलेली असते, पण रजोनिवृत्ती झालेली नसते, आणि ती पुढे केव्हा झाली हे सांगणारी खूणही उरलेली नसते.

तिसरा सदोष शब्द 'हार्मोन' हाच होय. 'हार्मोनने कर्करोग होतो' या समजाला अमेरिकेतील 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या संशोधनाच्या २००२ मधील निष्कर्षांनी बळ दिले. त्या प्रयोगातील १६,६०८ स्त्रियांना गर्भाशय होते. त्यांच्यापैकी उपचार-गटाला इस्ट्रोजेनसह प्रोजेस्टिन दिले गेले. त्या गटात स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण दर दहा हजारांमागे वर्षाला सुमारे आठांनी वाढलेले आढळले. गर्भाशय नसलेल्या १०,७३९ स्त्रियांवरील केवळ इस्ट्रोजेनचा प्रयोग २००४ मध्ये थांबला. त्यात पक्षाघात वाढला, स्तनाचा कर्करोग मात्र वाढला नाही. प्रोजेस्टिन जोडतात ते गर्भाशयाच्या अस्तराच्या रक्षणासाठी. गर्भाशयच नसेल तर त्याची सहसा गरज पडत नाही. 'हार्मोन' या एका नावाखाली दोन भिन्न उपचार व दोन भिन्न निष्कर्ष एकत्र झाले. शिवाय दोन्ही प्रयोगांतील स्त्रिया ५० ते ७९ वयाच्या होत्या. अडतिसाव्या वर्षी अंडाशय गमावलेल्या स्त्रीला त्यांचे आकडे जसेच्या तसे लागू करणे अयुक्त होय.

हा निव्वळ शब्दच्छल आहे, असा आक्षेप संभवतो. वैद्याला फरक ठाऊक असतोच. परंतु शस्त्रक्रिया करणारा वैद्य व पुढे दहा वर्षांनी सल्ला देणारा वैद्य एकच असेल असे नाही, आणि मधल्या काळात कागद हरवतात. २०१९ मधील शासकीय पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढल्याचे आढळले. हंगामागणिक गाव बदलणाऱ्या स्त्रीजवळ पूर्ववृत्तान्त म्हणून पुष्कळदा हे वाक्यच तेवढे असते.

बोलीतील 'पिशवी' हा शब्द टाकून देण्याचे कारण नाही; तो समजतो, हाच त्याचा गुण. वाक्य मात्र पुरे केले पाहिजे : 'पिशवी काढली, अंडाशय ठेवले' किंवा 'पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयही काढले.' हे वाक्य रुग्णालय सोडताना त्या स्त्रीला मराठीत लिहून मिळाले, तर पुढील निर्णयात तिला विचारपूर्वक भाग घेता येईल.