ग्लायपिकन-3 : उंबऱ्याबाहेरून वाढ आवरणारं प्रथिन

जनुकाचं रसग्रहण करायचं तर आधी त्याची संहिता नीट पाहावी. जीपीसी-3 हे जनुक माणसाच्या एक्स गुणसूत्राच्या लांब भुजेवर आहे. त्याचा पसारा सुमारे साडेचार लाख अक्षरांचा. प्रथिन घडवणारा मजकूर मात्र त्यात आठ तुकड्यांत विखुरलेला, आणि सगळा जुळवला तरी दोन हजार अक्षरांच्या आतच. त्यातून 580 अमिनो आम्लांची साखळी तयार होते : ग्लायपिकन-3.

ही साखळी पहिल्यापासून वाचावी अशीच आहे. सुरुवातीचा तुकडा फक्त पत्ता सांगतो, ‘मला पेशीबाहेर पोचवा’, आणि काम होताच कापला जातो. पुढे येतो मोठा, घट्ट गुंफलेला गाभा. त्यातल्या 14 सिस्टीनांच्या जागा माणसाच्या सहाही ग्लायपिकनांत सारख्या आहेत. उत्क्रांतीनं इथे फारशी ढवळाढवळ होऊ दिलेली नाही. शेवटाकडे हेपरान सल्फेटच्या लांब शर्करासाखळ्या जोडल्या जातात. आणि अगदी अखेरीस एक स्निग्ध नांगर, जो या साऱ्याला पेशीपटलाच्या बाहेरच्या थरात रोवून ठेवतो.

मला या रचनेतलं सगळ्यात सुंदर स्थळ हेच वाटतं. इतर अनेक ग्राहक प्रथिनं पटलाच्या आरपार जातात, आतल्या यंत्रणेला स्वतः निरोप देतात. ग्लायपिकन-3ची शेपटीसुद्धा आत नाही. तरीही पेशीनं किती वाढावं, यावर त्याचा अंमल चालतो. कसा? हेजहॉग नावाचं संकेत-प्रथिन वाढीचा निरोप घेऊन येतं. त्याला गाठायचा असतो पॅच्ड हा ग्राहक. ग्लायपिकन-3 आपल्या गाभ्यानं त्याला आधीच धरतं. घरी आलेल्याला ओसरीवरच बसवून घ्यावं, माजघरापर्यंत जाऊच देऊ नये, तसं. फरक इतकाच, की इथला पाहुणा परत जात नाही : एलआरपी-1 या प्रथिनाच्या मदतीनं दोघेही आत ओढले जातात आणि हेजहॉगचा नाश होतो.

हे आवरणं किती मोलाचं, ते जनुक बिघडल्यावर कळतं. 1996 साली सिम्पसन–गोलाबी–बेहमेल या विकाराचं मूळ जीपीसी-3मध्ये सापडलं. जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यानं त्रास मुख्यत्वे मुलग्यांना. बाळ जन्मतःच मोठं, जीभ मोठी, कधी जादा बोटं, कधी हृदयाचे दोष, आणि मूत्रपिंडाच्या विल्म्स गाठीचा वाढलेला धोका. आधी संशय होता तो इन्सुलिनसदृश वाढघटक-2वर, कारण त्याच्याशी जोडलेल्या बेकविथ–वीडेमान विकाराशी ही लक्षणं जुळत होती. तर्क देखणा होता, पण उंदरांवरच्या प्रयोगांनी त्याला साथ दिली नाही. हेजहॉगचा धागा पुढे हाती आला.

आता हीच संहिता यकृतात वाचा. गर्भाच्या यकृतात ग्लायपिकन-3 मुबलक असतं, प्रौढ निरोगी यकृतात जवळपास दिसत नाही, आणि यकृतपेशींच्या कर्करोगात बहुतेक गाठींमध्ये पुन्हा उगवतं. तिथे मात्र ते वाढ आवरत नाही. विंट या दुसऱ्या संकेताला ते ग्राहकापाशी जोडून देतं आणि गाठीला बळ पुरवतं. अक्षर न् अक्षर तेच, परिणाम उलटा. एका जनुकाला ‘वाढरोधक’ किंवा ‘कर्करोगकारक’ असं एकच लेबल लावून मोकळं होणाऱ्यांनी इथे थांबून पुन्हा वाचायला हवं : कोणत्या ऊतीत, कोणत्या संकेतासमोर, हे पाहिल्यावाचून या जनुकाचं कार्य सांगताच येत नाही.

निदानशास्त्रज्ञांनी हे वाचन कामालाही लावलं आहे. यकृताच्या नमुन्यातल्या संशयास्पद गाठीत ग्लायपिकन-3चा रंग उमटला, तर कर्करोगाकडे बोट दाखवणारा तो एक मोठा पुरावा ठरतो. उपचारातही ते लक्ष्य बनलं आहे : प्रतिपिंडं आणि त्याला ओळखायला शिकवलेल्या टी-पेशी यांच्या चाचण्या रुग्णांवर चालू आहेत. हे प्रथिन पटलाबाहेरच रोवलेलं असल्यानं त्या टी-पेशींना ते ओळखण्यासाठी कर्कपेशीच्या आत डोकवावं लागत नाही.