आत्मा, बाहुला आणि त्रिमिती

महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला २’ ७ जून २०१३ रोजी प्रदर्शित झाला. त्याआधीच्या एका खास खेळास आम्ही मित्रांसमवेत उपस्थित होतो. निमंत्रितांच्या टाळ्या स्वस्त असतात. म्हणून मत बनविण्याची घाई आम्ही केली नाही.

१९९३ च्या ‘झपाटलेला’त मरणोन्मुख तात्या विंचूचा आत्मा मंत्रबळाने बाहुल्यात शिरतो. लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या लक्ष्याचे भाबडे भय खरे वाटे, म्हणूनच रामदास पाध्ये यांचा बाहुला जिवंत वाटे. बेर्डे २००४ मध्ये निवर्तले. दुसऱ्या भागात आदिनाथ कोठारे लक्ष्याचा मुलगा झाले आहेत. परंतु ती पोकळी भरत नाही. त्रिमितीमुळे बाहुला अंगावर येतो, मनात मात्र उतरत नाही.

आत्मा असा देह बदलतो काय, असे मुरुमची मुले विचारतात. वाचकहो, आपली श्रद्धा देहाला अंगरखा मानत नाही. देह व आत्मा मिळून एकच माणूस. तथापि मृत्यू चुकवू पाहणारा दुष्ट बाहुल्याच्या कैदेत तळमळतो, हे या अद्भुतकथेतील सत्य होय. तेव्हा पालकांनी मुलांना बंदी घालू नये. शेजारी बसून चित्रपट पाहावा आणि मग घरी त्यावर बोलावे.