निवड आणि नेसण : डहाणू-तलासरीच्या संदर्भात व्यक्तिरेखेच्या वस्त्राचा प्रश्न

कथा-कादंबरीतील व्यक्तिचित्रणाची चर्चा करताना पात्राच्या पेहरावाकडे बोट दाखवणे ही मराठी समीक्षेची जुनी सवय आहे. पात्र काय नेसते, कोणता रंग पसंत करते, कोणत्या प्रसंगी कोणता पोशाख टाळते, यांवरून त्याचा स्वभाव वाचता येतो हे गृहीत आता इतके अंगवळणी पडले आहे की त्यामागची अट सहसा तपासली जात नाही. ती अट म्हणजे निवड. पात्रापुढे एकाहून अधिक वस्त्रे असतील आणि त्यांतून त्याने एक उचलले असेल, तरच त्या उचलण्याला अर्थ प्राप्त होतो. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या फॅशनविषयक ग्रंथात रोलां बार्थने नियतकालिकांतून शब्दांत वर्णिलेल्या वस्त्राचा विचार भाषेसारखी चिन्हव्यवस्था म्हणून केला. एका घटकाच्या जागी दुसरा घटक येऊ शकतो, या शक्यतेवरच त्या व्यवस्थेतील अर्थ उभा असतो. जिथे दुसरा घटकच उपलब्ध नाही, तिथे ही व्यवस्था मुकी होते. वस्त्रावरून व्यक्तिमत्त्व वाचणारी समीक्षा भरलेले कपाट गृहीत धरते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

हे गृहीत जिथे टिकत नाही, असा प्रदेश मराठी साहित्याला अपरिचित नाही. आज पालघर जिल्ह्यात असलेले आणि २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्याचा भाग असलेले डहाणू व तलासरी हे तालुके गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० च्या पुस्तकामुळे वाङ्मयीन नकाशावर आले. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे किसान सभेचे अधिवेशन भरले, त्याला या भागातील काही वारली हजर राहिले. त्याच वर्षी तलासरीजवळच्या झरी येथे सभा झाली आणि वेठ व लग्नगडीपणा यांविरुद्धचा लढा उभा राहिला. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायकोने वर्षानुवर्षे सावकाराच्या शेतावर राबावे, अशी ही रीत होती. त्या काळातील वारल्याच्या कमरेला लंगोटी आणि वारलिणीच्या अंगावर गुडघ्याच्या वर नेसलेले आखूड लुगडे असे. ‘या माणसाने हेच वस्त्र का निवडले?’ हा प्रश्न येथे अप्रस्तुत ठरतो. आणि समीक्षेजवळ एवढा एकच प्रश्न असेल, तर अशा माणसाला व्यक्तिमत्त्वच नाही, असा निष्कर्ष ती न बोलता काढून मोकळी होते.

हा धोका काल्पनिक नाही. आदिवासीविषयक मराठी लेखनात लंगोटी बहुधा एका वर्गाची खूण म्हणून येते. ‘लंगोटी नेसलेला एक वारली’ असे लिहिले की चित्रण संपते. पुढच्या दहा वारल्यांना तेच वाक्य लागू पडते. ज्या साधनाने नागर पात्र इतरांहून वेगळे केले जाते, तेच साधन येथे माणसांना एकमेकांत मिसळून टाकते.

या भागाविषयी साहित्यात आणि समाजव्यवहारात वस्त्राकडे पाहण्याच्या तीन दृष्टी रूढ झाल्या आहेत. पहिली लढ्याची. तीत अपुरे वस्त्र हा शोषणाचा पुरावा असतो. परुळेकरांचे पुस्तक आत्मकथनपर आहे आणि त्याचे प्रयोजन साक्ष देण्याचे आहे. त्यामुळे हा पुरावा मांडणे तेथे न्याय्यच ठरते. दुसरी दृष्टी शिक्षणाची. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला सुरू केलेले आणि पुढे डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेलेले बालशिक्षणाचे कार्य सर्वश्रुत आहे. मुलांची अंघोळ व स्वच्छता हा तेथील शिक्षणाचाच भाग होता. या दृष्टीने वस्त्र ही सवय आहे आणि ती घडवायची आहे. तिसरी दृष्टी प्रदर्शनाची. सरकारी महोत्सवात तारपा नाच करणारे पथक एकसारखा पोशाख करून उभे राहते आणि प्रेक्षक त्या पोशाखालाच संस्कृती समजतो. पहिल्या दोन दृष्टींचे सामाजिक मोल वादातीत आहे. तथापि तिन्ही दृष्टी समूहाकडे पाहतात. कादंबरीकाराची गरज त्यांपैकी एकीनेही भागत नाही, कारण त्याला एक विशिष्ट माणूस उभा करायचा असतो.

निवड नसलेल्या वस्त्रातून विशिष्ट माणूस कसा उभा राहतो, याची उदाहरणे मात्र आहेत आणि ती मराठी कादंबरीच्या आरंभापासून आहेत. ह. ना. आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो!’ या कादंबरीतील यमुनेवर वैधव्यानंतर केशवपन लादले जाते. तत्कालीन विधवेचे अलवण हेही असेच लादलेले वस्त्र. ते समाजाने ठरवलेले असल्याने नेसणारीच्या स्वभावाविषयी काहीच सांगत नाही. यमुना कळते ती लादलेल्या रूपाखाली तिचे मन जे सोसते आणि जे नाकारते त्यातून. पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’मधील नामू परीट हे याच्या दुसऱ्या टोकाचे उदाहरण. त्याच्या अंगावरचे कपडे गिऱ्हाइकांचे असतात. त्यांतला एकही त्याचा नाही. तरीही ते ज्या निर्धास्तपणे तो वापरतो, त्या निर्धास्तपणात नामू संपूर्ण सापडतो.

मराठीबाहेरही हेच दिसते. गोगोलच्या ‘ओव्हरकोट’ या १८४२ च्या कथेतील कारकून आपल्या जुन्या कोटाची निवड करत नाही. नव्या कोटासाठी तो उपाशी राहतो, आणि त्या उपासातून त्याचे आजवर कोणालाही न दिसलेले मन दिसू लागते. प्रेमचंदांच्या ‘पूस की रात’मध्ये तर वस्त्र शेवटपर्यंत येतच नाही. कांबळ्यासाठी साठवलेले तीन रुपये हलकू सावकाराच्या माणसाला देऊन टाकतो. न घेतलेल्या कांबळ्याभोवती त्याची भीती, त्याचा पत्नीशी असलेला संबंध आणि शेतीविषयीचा त्याचा उबग एकवटतो.

या उदाहरणांतून एक नियम हाती लागतो. जिथे वस्त्र निवडता येत नाही, तिथे पात्राचा स्वभाव त्या वस्त्राशी तो जे वर्तन करतो त्यात शोधावा लागतो. ते कसे नेसले, कोणापुढे सावरले, कोणाला पांघरायला दिले, कशासाठी गहाण टाकले, किती दिवस जपून ठेवले, या क्रियांना पर्याय असतात. एकाच लुगड्याच्या दोन धन्यांपैकी एक बाई पदरात रानभाजी बांधून आणील आणि दुसरी तोच पदर जंगलखात्याच्या शिपायाचा खाकी गणवेश दिसताच घट्ट खोचून घेईल. नाम एकच राहते आणि क्रियापदे बदलतात. व्यक्तिमत्त्व क्रियापदांत असते.

वारली चित्रपरंपरा या दृष्टीने विचारात घेण्यासारखी आहे. लग्नाच्या वेळी सवाष्णी झोपडीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. त्यातील माणूस टोकाला टोक लावलेल्या दोन त्रिकोणांचा असतो. त्याला वस्त्र जवळजवळ नसतेच. बाई ओळखायची ती अंबाड्याच्या ठिपक्यावरून. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांनी ही कला भिंतीवरून कागदावर व कापडावर आणली, तेव्हाही माणसाची ही घडण त्यांनी सोडली नाही. त्यांच्या चित्रांतील माणसे वेगळी होतात ती जाळे टाकण्याने, तारपा फुंकण्याने, ओझ्याखाली वाकण्याने. या प्रदेशाच्या स्वतःच्या कलेने माणसाची ओळख कृतीवर सोपवली आहे. अर्थात चित्राचा संकेत जसाच्या तसा कादंबरीत उचलता येत नाही, कारण चौकातील आकृतीला नाव नसते आणि भूतकाळही नसतो. परंतु वस्त्रावाचून माणूस अपुरा राहतो हा समज किती स्थानिक आहे, एवढे त्यावरून निश्चित कळते.

यावर असा आक्षेप येऊ शकेल की, वर्तनावर भर दिला तर वस्त्राचा राजकीय अर्थ नाहीसा होतो. वस्तुस्थिती उलट आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची पद्धत बदलण्यास सांगितले, तेव्हा त्यांनी नेसणे या क्रियेलाच हात घातला होता. जातीची खूण कापडापेक्षा नेसणीत अधिक होती, हे त्यांनी ओळखले होते. महाश्वेतादेवींच्या ‘द्रौपदी’ या १९७८ च्या बंगाली कथेतील संथाळ नायिका अत्याचारानंतर पुढे केलेले वस्त्र नेसण्यास नकार देते आणि सेनानायकासमोर तशीच उभी राहते. आयुष्यभर वस्त्राची निवड नसलेल्या बाईची ही एकमेव निवड आहे. ती जितकी राजकीय आहे, तितकीच तिच्या एकटीची आहे.

आज डहाणू-तलासरीतील परिस्थिती बदललेली आहे. आश्रमशाळेचा गणवेश, आठवडेबाजारातील तयार कपडे, कामासाठी शहरात गेलेल्या तरुणाची जीन पँट यांमुळे थोडीफार निवड तेथेही आली आहे. नेमक्या याच वेळी लेखक आणि वाचक ‘संस्कृती लोपली’ असा सूर लावताना दिसतात. पुण्यामुंबईच्या पात्राने पोशाख बदलला की त्यात व्यक्तिमत्त्वाचा विकास वाचायचा आणि वारली पात्राने तो बदलला की समाजाचा ऱ्हास वाचायचा, हा दुटप्पीपणा आहे. लंगोटीच्या काळात ज्याला व्यक्तिमत्त्व नाकारले, त्याला पँट घातल्यावरही ते नाकारण्याची ही नवी तऱ्हा आहे. जीन पँट घालून पाड्यावर परतलेला तरुण हौशी असेल, संकोची असेल, बापाला दुखावू पाहणारा असेल किंवा मजुरीच्या पैशांतून पहिल्यांदाच स्वतःसाठी काही घेतल्याने सुखावलेला असेल. यांतले काय खरे, हे सांगणे कादंबरीकाराचे काम आहे आणि ते त्याने सांगितले की नाही, हे तपासणे समीक्षकाचे.

म्हणून आदिवासी पात्राच्या चित्रणातील वस्त्राची कसोटी साधी ठेवता येईल. ते वर्णन त्याच पाड्यावरच्या दुसऱ्या माणसाला जसेच्या तसे लागू पडत असेल, तर लेखकाने कापड पाहिले आहे. लागू पडत नसेल, तर त्याने माणूस पाहिला आहे.