दोन चौथे डाव

रणजी करंडकाच्या दोन अंतिम सामन्यांचे धावफलक शेजारी शेजारी ठेवून वाचावेत, असे फार दिवस मनात होते. पहिला एप्रिल १९९९ चा, कर्नाटक विरुद्ध मध्य प्रदेश. दुसरा जून २०२२ चा, मध्य प्रदेश विरुद्ध मुंबई. मैदान दोन्ही वेळा बंगळुरूचे चिन्नास्वामी. पहिल्या सामन्यात मध्य प्रदेशाचे कर्णधार होते चंद्रकांत पंडित. दुसऱ्या धावफलकात त्यांचे नाव शोधून सापडत नाही, कारण ते तेव्हा मध्य प्रदेशाचे प्रशिक्षक होते आणि प्रशिक्षकाचे नाव तिथे छापत नाहीत. तरीही दुसरा धावफलक मला पंडितांच्या हातचा वाटतो. हे कौतुकाच्या भरात म्हणत नाही. आकडेच तसे सांगतात.

आधी १९९९. कर्नाटक ३०४, मध्य प्रदेश ३७९. पहिल्या डावाची आघाडी ७५ धावांची. रणजीच्या अंतिम सामन्यात निकाल लागला नाही, तर पहिल्या डावात आघाडी घेणारा संघ विजेता ठरतो. म्हणजे मध्य प्रदेशाला शेवटच्या दिवशी जिंकलेच पाहिजे असे नव्हते, बाद न होता दिवस काढला तरी करंडक घरी येणार होता. कर्नाटकने दुसऱ्या डावात ३२१ केल्या. लक्ष्य उरले २४७ धावांचे. विजय भारद्वाजच्या ऑफस्पिनने २४ धावांत ६ बळी घेतले, मध्य प्रदेश १५० वर आटोपला आणि ९६ धावांनी हरला.

या चौथ्या डावाकडे मी पुन्हा पुन्हा येतो. संघापुढे दोन वाटा मोकळ्या होत्या, धावा काढायची आणि वेळ काढायची. मला वाटते, त्या मोकळेपणानेच घात केला. एकच वाट असती तर फलंदाज तिच्यावरून निमूट चालले असते. दोन असल्या की प्रत्येक चेंडूला मन दुभंगते आणि फिरकी गोलंदाजाला याहून जास्त काही नको असते. पंडित तेव्हा सदतीस वर्षांचे होते.

त्यांची खेळाडू म्हणून कारकीर्द थोडक्यात सांगण्याजोगी आहे, आणि तिच्या थोडकेपणातच तिचा अर्थ आहे. रमाकांत आचरेकर सरांचा विद्यार्थी, मुंबईचा यष्टिरक्षक. १९८६ साली लीड्सला कसोटी पदार्पण झाले ते मात्र निव्वळ फलंदाज म्हणून, कारण यष्टींमागे किरण मोरे होते. ५ कसोटी, ३६ एकदिवसीय सामने. १९८७ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात वेंगसरकर आजारी पडले म्हणून वानखेडेवर खेळायला मिळाले. पंडितांनी २४ केल्या, भारत ३५ धावांनी हरला. दुसऱ्याच्या जागेवर येणारा, आणि जागेचा मालक परतला की बाजूला होणारा खेळाडू. असा माणूस बाहेर बसून सामना पाहतो तेव्हा केवळ करमणूक म्हणून पाहत नाही. आपल्याला उद्या उतरावे लागेल, या बेताने तो प्रत्येक षटक वाचत असतो.

बास्केटबॉलमध्ये याचे मोठे उदाहरण स्टीव्ह कर यांचे. मायकेल जॉर्डनच्या शिकागो बुल्समध्ये ते राखीव खेळाडूंतले. १९९७ च्या अंतिम मालिकेच्या सहाव्या सामन्यात जॉर्डनला दोघांनी घेरले, त्याने चेंडू करांकडे टाकला आणि विजयी बास्केट करांनी केली. तीन गुणांच्या फेकींत त्यांची अचूकता ४५.४ टक्के, एनबीएच्या इतिहासातली सर्वांत जास्त. खेळाडू म्हणून ५ विजेतेपदे. पण त्यांचे नाव जास्त गाजले ते २०१४ पासून गोल्डन स्टेट वॉरियर्सचे प्रशिक्षक झाल्यावर. पहिल्याच मोसमात विजेतेपद, आणि चौथे १६ जून २०२२ ला. त्यानंतर दहा दिवसांनी बंगळुरूत पंडितांचा संघ जिंकला. इतका जवळचा योगायोग मला सुखावतो, पण त्यावर जास्त भार टाकत नाही. दोघांत साम्य आहे ते बाकावर घालवलेल्या वर्षांचे.

प्रशिक्षक म्हणून पंडितांनी मुंबईला २००२-०३, २००३-०४ आणि २०१५-१६ असे तीन करंडक दिले. मग जानेवारी २०१७ ची, इंदूरच्या अंतिम सामन्यातली हार. गुजरातने चौथ्या डावात ३१२ धावांचे लक्ष्य गाठले, पार्थिव पटेलने १४३ केल्या. पुढच्या मोसमात मुंबईचे प्रशिक्षकपद समीर दिघे यांच्याकडे गेले आणि पंडित विदर्भाकडे. विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळत होता, एकदाही अंतिम सामन्यापर्यंत पोचलेला नव्हता. १ जानेवारी २०१८ ला, त्याच इंदूरच्या मैदानावर, फैज फझलच्या संघाने दिल्लीला ९ गडी राखून हरवले. रजनीश गुरबानीची हॅट्ट्रिक सगळ्यांच्या लक्षात राहिली. मी मात्र विदर्भाच्या पहिल्या डावाच्या ५४७ या आकड्यापाशी थांबतो. आघाडी २५२ ची.

पण याला ठरलेले सूत्र म्हणायला जावे, तर पुढचे वर्ष आडवे येते. २०१८-१९ चा अंतिम सामना नागपूरला, सौराष्ट्राविरुद्ध. विदर्भ ३१२, सौराष्ट्र ३०७. आघाडी अवघ्या ५ धावांची. दुसऱ्या डावात २०० करून २०६ चे लक्ष्य ठेवले आणि सौराष्ट्राला १२७ वर गुंडाळले. डावखुऱ्या आदित्य सरवटेने सामन्यात ११ बळी घेतले. हा धावफलक १९९९ शी ताडून पाहावा. भारद्वाजने मध्य प्रदेशाचे जे केले, तेच सरवटेने सौराष्ट्राचे केले. चौथ्या डावात फलंदाजाचे मन कसे दुभंगते हे पंडितांनी स्वतः सोसले होते. वीस वर्षांनी ते दुसऱ्या बाजूने कामी आले.

आता २०२२. मुंबईने पहिल्या डावात ३७४ केल्या, त्यांत सर्फराज खानच्या १३४. मुंबईचे प्रशिक्षक अमोल मुझुमदार, तेही आचरेकर सरांचेच शिष्य. रणजीत धावांच्या राशी घालून भारतासाठी कधीच न खेळलेले. मध्य प्रदेशाचे वेंकटेश अय्यर आणि आवेश खान भारतीय संघाबरोबर गेलेले. उरलेल्यांनी ५३६ केल्या: यश दुबे १३३, शुभम शर्मा ११६, रजत पाटीदार १२२. दुबेने आपल्या १३३ साठी ३३६ चेंडू घेतले. वीस षटकांच्या क्रिकेटवर वाढलेल्या पिढीतला मुलगा अंतिम सामन्यात असा तळ ठोकून बसतो, तेव्हा त्याच्या पाठीशी कुणाचा तरी आग्रह उभा असतो. आघाडी झाली १६२ ची, पण त्याहून महत्त्वाचा आहे त्या डावाने खाल्लेला वेळ. चौथा दिवस बराचसा सरल्यावर मुंबईला पुन्हा फलंदाजीला यावे लागले.

इथे १९९९ चा नियम उलटा फिरतो. सामना अनिर्णित राहिला तर मध्य प्रदेश विजेता, म्हणून दिवस काढायची वाट मुंबईला बंद. मुंबईने झटपट धावा केल्याच पाहिजेत, शिवाय मध्य प्रदेशाला बाद करायला वेळही उरवला पाहिजे. मारायच्या नादात गडी पडत गेले. २६९ सर्वबाद. कुमार कार्तिकेयने ४ बळी घेतले. हा मुलगा क्रिकेटसाठी घर सोडून नऊ वर्षे घरी गेला नव्हता. ज्या नियमाने पंडितांचा संघ एकदा संभ्रमात पडला, त्याच नियमाच्या बळावर त्यांच्या दुसऱ्या संघाने मुंबईला घाईत लोटले. आणि मध्य प्रदेशाचा चौथा डाव? लक्ष्य १०८. ४ बाद १०८. या डावात नाट्य फारसे नाही आणि ते नसणेच मला त्यात सर्वांत सुंदर वाटते. आदल्या चार दिवसांनी त्यातले सगळे नाट्य काढून घेतले होते. सामना संपल्यावर पंडित रडले, खेळाडूंनी त्यांना खांद्यावर घेतले. मध्य प्रदेशाचा हा पहिलाच करंडक. त्या भूमीतल्या होळकर संघाचे चार त्याआधीचे.

त्यांच्या कडक शिस्तीबद्दल पुष्कळ बोलले जाते. आयपीएलमध्ये ते कोलकात्याचे प्रशिक्षक असताना ती काहींना जाचली. २०२४ चे विजेतेपद मिळाले, २०२५ मध्ये ते बाजूला झाले. माझे मत असे, की ही शिस्त पाच दिवसांच्या क्रिकेटसाठी घडलेली आहे आणि तिचे मोल तिथेच करावे.

आमच्या परभणी जिल्ह्यातल्या देवगाव फाट्यावर, सेलू-जिंतूरच्या गाड्यांची वाट पाहणाऱ्या पोरांच्या मोबाइलवर आयपीएल चालते, रणजी क्वचित. रणजीत आमचा संघ महाराष्ट्राचा. त्याचे करंडक १९३९-४० आणि १९४०-४१ चे, कर्णधार देवधरांच्या काळचे. तेव्हा तर परभणी निजामाच्या राज्यात होती आणि हिशेबाने आमचा संघ हैदराबादचा. अलीकडच्या काळात महाराष्ट्र करंडकाच्या जवळ गेला तो २०१३-१४ ला, हैदराबादच्या अंतिम सामन्यात. तो धावफलकही याच पंक्तीत वाचावा: महाराष्ट्र ३०५, कर्नाटक ५१५. आघाडी २१० ची. दुसऱ्या डावात महाराष्ट्राने ३६६ करून झुंज दिली, तरी कर्नाटकला १५७ च हव्या होत्या आणि त्यांनी त्या ३ गडी गमावून काढल्या. मुंबईच्या वाट्याला २०२२ मध्ये जे आले, ते आम्ही आठ वर्षे आधी सोसले होते. त्या अकरांत पैठणचा अंकित बावणे होता, आपल्या मराठवाड्याचा. तो किंवा त्याच्यासोबत हरलेला दुसरा कुणी उद्या प्रशिक्षक म्हणून महाराष्ट्राच्या ड्रेसिंगरूममध्ये उभा राहावा, आणि ५१५ चा तो डाव त्याने आपल्या पोरांकडून करून घ्यावा, एवढे मला मनापासून हवे आहे.