आवडत्या सिनेमांतल्या नावडत्या राण्या

मराठी सिनेमावरचे सर्वांत कडाक्याचे वाद परिसंवादांत होत नाहीत. ते लग्नघरात रात्रीची जेवणं उरकल्यावर होतात, ऑफिसात डबे उघडले की होतात, रविवारी दुपारी टीव्हीवर ‘अशी ही बनवाबनवी’ पुन्हा लागला की होतात. रंजना मोठ्या की उषा चव्हाण? वर्षा उसगावकर की अश्विनी भावे? निवेदिता जोशींना त्यांच्या तोलाची भूमिका कधी मिळाली का? माणसं आवाज चढवून भांडतात, आणि ज्या सिनेमांवरून भांडतात त्यांच्याबद्दल त्याच दमात माफीही मागतात. ‘डोकं बाजूला ठेवून बघायचा पिक्चर आहे हो, पण आपल्याला आवडतो.’

ही माफी मला खटकते, कारण तिचा भार सगळ्यांवर सारखा पडलेला नाही. या सिनेमांतल्या पुरुषांना उशिरा का होईना, मान मिळाला. अशोक सराफ यांना २०२३चा महाराष्ट्र भूषण पुरस्कार मिळाला, २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या टायमिंगबद्दल आज जाणकार मनापासून बोलतात. हे योग्यच झालं. पण त्याच सिनेमांत, त्यांच्याच शेजारी उभ्या असलेल्या नट्यांचा विषय निघाला की साडी, रंग, हसू आणि कुणाबरोबर जोडी शोभली, एवढ्यावर बोलणं आटोपतं. सिनेमा आवडता आणि त्यातली राणी नावडती, अशी ही अवस्था आहे. चाहत्यांचं प्रेम उदंड आहे. कमी पडतं ते कामाकडे बघणं, आणि त्यात समीक्षकांचा दोष चाहत्यांहून मोठा आहे.

दादा कोंडके यांच्यापासून सुरुवात करू. वसंत सबनीसांच्या लेखणीतून उतरलेला ‘सोंगाड्या’ १९७१ मध्ये आला. दादरच्या कोहिनूर चित्रगृहात तो लागावा म्हणून शिवसेनेला मध्ये पडावं लागलं, हा किस्सा सगळ्यांना पाठ आहे. उषा चव्हाण यांनी त्यात काय केलं, हे मात्र कुणी सांगत नाही. दुहेरी अर्थाच्या विनोदात समोरच्या बाईचं काम फार अवघड असतं. ती लाजली तर विनोद अश्लील होतो, तिला काहीच कळलं नाही असं दिसलं तर तो पडतो. उषाबाई कमरेवर हात ठेवून, नजर न चोरता दादांना उलट सवाल करतात. त्या ठसक्यामुळे प्रसंगात दोन बरोबरीची माणसं उभी राहतात. सुसंस्कृत म्हणवणाऱ्या घरांतल्या मंडळींनी हे सिनेमे चोरून पाहिले आणि श्रेय एकट्या दादांना दिलं.

रंजना यांची गोष्ट आणखी लागणारी आहे. व्ही. शांतारामांनी चिं. त्र्यं. खानोलकरांच्या कादंबरीवर काढलेल्या ‘चानी’त (१९७७) त्या नायिका होत्या. ‘अरे संसार संसार’मध्ये (१९८१) त्यांनी कष्टकरी शेतकरीण उभी केली. त्याच वर्षी ‘गोंधळात गोंधळ’ आला, आणि पुढे ‘गुपचुप गुपचुप’, ‘बिनकामाचा नवरा’, ‘मुंबईचा फौजदार’. ही दुसरी यादी आपण टाईमपासच्या खात्यात टाकली. पण ‘बिनकामाचा नवरा’ पुन्हा लावा आणि फक्त रंजना यांच्याकडे बघत बसा. त्या विनोद करताहेत असं एकदाही वाटत नाही. त्या भांडताहेत, आणि ते भांडण खरं आहे. कामाला हात न लावणाऱ्या नवऱ्याच्या बायकोला जो संताप येतो, तो त्या पूर्ण ताकदीनं आणतात आणि ऐन रागाच्या भरात अर्ध्या क्षणासाठी त्यात माया डोकावू देतात. अशोक सराफ यांचा चेहरा ज्यावर आपटून हशा उसळतो, ती भिंत त्या बांधतात. मराठी पडद्यावर विनोद आणि करुण या दोन्ही बाजूंना एवढ्याच सहजतेनं वावरलेली दुसरी नायिका मला दिसत नाही. १९८७ मध्ये ‘झंझार’च्या चित्रीकरणासाठी बंगळुरूकडे जाताना झालेल्या अपघातानं त्यांचं चालणं गेलं. त्यानंतर ‘फक्त एकदाच’ या नाटकातून त्या रंगमंचावर आल्या, आणि २००० मध्ये गेल्या. त्यांच्यावर जे लिहिलं जातं त्यातला बराच भाग अपघाताचा असतो.

‘बनवाबनवी’ (१९८८) आता माफीच्या पलीकडे गेला आहे. तो आवडतो असं सांगायला कुणाला लाज वाटत नाही. हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’वरून बेतलेली ही पटकथाही सबनीसांचीच. यातले संवाद लोकांना तोंडपाठ आहेत आणि ते बहुतेक पुरुष पात्रांचे आहेत. पण सोंगाचा विनोद चालतो तो समोरच्यानं त्या सोंगावर विश्वास ठेवला म्हणून. नयनतारा यांनी केलेल्या लीलाबाई काळभोर पडद्यावर नुसतं ऐकत असतात, तेव्हाही प्रसंग त्यांच्या हातात असतो. त्यांनी प्रेक्षकांकडे बघून एकदा जरी डोळा मिचकावला असता, तरी सचिन आणि लक्ष्मीकांत यांचं लुगडं नेसणं शाळेच्या स्नेहसंमेलनातली नक्कल ठरलं असतं. दुकानाची मालकीण माधुरी झालेल्या अश्विनी भावे यांचंही तसंच. मालकिणीचा आब सुटू न देता नोकराच्या प्रेमात हळूहळू पडत जाणं, हे हाणामारीच्या वेगानं धावणाऱ्या सिनेमात साधायचं होतं. त्यांनी ते साधलं. लोकांच्या लक्षात राहिला साडीचा लिंबू कलर.

निवेदिता जोशी यांच्याबद्दल चाहते जे हळहळतात, ते खरंच आहे. ‘धुमधडाका’, ‘थरथराट’, ‘बनवाबनवी’ सगळीकडे त्या ताज्या आणि नेमक्या आहेत, आणि सगळीकडे पटकथा त्यांना गाणं संपल्यावर बाजूला सारते. वर्षा उसगावकर यांच्या वाट्याला सौंदर्याची ख्याती आली आणि त्या ख्यातीनंच त्यांचं नुकसान केलं. ‘एक होता विदूषक’सारख्या सिनेमात त्यांनी वेगळं काही करून दाखवलं, तरी वाद पुन्हा दिसण्यापाशीच येऊन थांबतो.

खरी कसोटी आहे रडवणाऱ्या सिनेमांची. विजय कोंडके यांचा ‘माहेरची साडी’ १९९१चा. ‘बाई चाली सासरिये’ या राजस्थानी सिनेमाची ही मराठी आवृत्ती. गावोगावच्या बायका गाड्या करून तो बघायला गेल्या आणि शहरी मंडळींनी त्याची इतकी टर उडवली, की अलका कुबल यांचं रडणं हा नकलाकारांचा हुकमी ऐवज झाला. या सिनेमाविरुद्ध बोलण्यासारखं खूप आहे. सोसणारी बाई तीच थोर, हा त्याचा आदर्श मला आजही मान्य नाही. शेजारीच डॉ. जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’ (१९८२) ठेवला, तर कोणत्या सिनेमानं बायकांना माणूस म्हणून वागवलं, याबद्दल शंका राहत नाही. पण आदर्श चुकीचा म्हणून अभिनय खोटा ठरत नाही. ‘उंबरठा’त स्मिता पाटील यांच्यामागे विजय तेंडुलकरांची पटकथा होती. सुलभा महाजन काय विचार करते, हे त्या पटकथेला ठाऊक होतं. ‘माहेरची साडी’तल्या लक्ष्मीला पटकथेनं दुःखाशिवाय काहीही दिलेलं नाही. बाप अपशकुनी मानतो, सासू छळते, बस. तिला मन आहे हे दाखवण्याची सगळी जबाबदारी नटीवर पडली. अलकाताई ती कशी पेलतात ते बघा. त्या लगेच रडत नाहीत. आधी ऐकून घेतात, मग समजूत घालण्याचा प्रयत्न करतात, आवाज सांभाळतात, आणि सांभाळणं अशक्य होतं तेव्हाच बांध फुटतो. नक्कल करणाऱ्यांनी फुटलेला बांध उचलला. त्याआधीचं आवरून धरणं त्यांना दिसलंच नाही. थिएटरमधल्या बायकांना ते दिसलं होतं, कारण ते त्यांनी घरी रोज केलेलं होतं. आणि उषा नाडकर्णी यांच्या सासूशिवाय हे सारं उभंच राहिलं नसतं. त्यांची सासू रागावत नाही, ती घर चालवते. तिला आपलं बरोबरच वाटतं. खलनायिका रंगवताना एवढा आत्मविश्वास बाळगणं सोपं नाही.

नव्या पिढीचा वादही याच वाटेनं गेला. ‘दुनियादारी’ (२०१३) आल्यावर शिरीन की मीनू, म्हणजे सई ताम्हणकर की ऊर्मिला कानेटकर, यावर कॉलेजच्या कट्ट्यांवर तट पडले. सुहास शिरवळकरांची कादंबरी जिवाशी धरणाऱ्या वाचकांनी वेगळीच आघाडी उघडली. त्यात अभिनय कुठेच नव्हता.

फरक पडला तो ‘बाईपण भारी देवा’मुळे. ३० जून २०२३ला आलेल्या केदार शिंदे यांच्या या सिनेमाला बायका नऊवारी नेसून, गॉगल लावून, घोळक्यानं गेल्या. पुष्कळ जाणकारांना तो टीव्ही मालिकेसारखा वाटला, आणि तो आक्षेप चुकीचा नाही. सहा बहिणींचे वर्षानुवर्षांचे गुंते मंगळागौरीच्या स्पर्धेच्या निमित्तानं फार पटापट सुटतात. पण बाहेर पडणाऱ्या बायका कोण सुंदर दिसलं यावर बोलत नव्हत्या. सहा जणींतली मी कोणती, यावर बोलत होत्या. रोहिणी हट्टंगडी आणि वंदना गुप्ते यांच्यातला बहिणीबहिणींचा अबोला, त्यातला ताठा, ‘आमच्याकडे अगदी असंच झालंय’ असं म्हणत त्या तपासत होत्या. अभिनय आयुष्याला लावून पाहणं हे समीक्षेचं पहिलं काम आहे, आणि ते कुठल्याही शिकवणीशिवाय तिकिटाच्या रांगेत चाललं होतं. वर्तमानपत्रांतल्या परीक्षणांनी या सहा नट्यांच्या कामात फरक काय, हे सांगायला दोन वाक्यंसुद्धा खर्च केली नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

म्हणून माझं चाहत्यांना सांगणं एवढंच आहे, की वाद बंद करू नका आणि माफी मागू नका. रंजना मोठ्या की उषा चव्हाण, हे जरूर भांडा, पण भांडताना प्रसंग सांगा: कोणत्या वाक्याला त्या थांबल्या, कुठे नजर वळवली, समोरच्याचं ऐकताना काय केलं. आणि समीक्षकांनी या सिनेमांकडे परत जावं. उषा नाडकर्णी, अलका कुबल, निवेदिता जोशी-सराफ, अश्विनी भावे, वर्षा उसगावकर आज आपल्यात आहेत. त्यांनी ती कामं कशी केली, हे अजून त्यांना समोर बसून विचारता येतं.