मालेगावचा उडता माणूस

परवा नंदुरबारला घरी नातवंडांसह फैझा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा २००८ सालचा अनुबोधपट पाहिला. शेख नासिर यांनी तुटपुंज्या पैशांत काढलेल्या अद्भुतपटाची ही जन्मकथा. नायक शफीक शेख यंत्रमाग-कामगार. हिरव्या कापडासमोर त्याला उडवण्याची खटपट पाहून पोरे खिदळली. “हा कसला सुपरमॅन? काडीपहिलवान!” मीही हसलो. युक्ती उघडी पडते खरी. पण तिच्यामागची माणसे त्यामुळेच दिसतात. २०११ साली शफीक कर्करोगाने गेला, हे सांगताच धाकटी म्हणाली, “आजोबा, तो उडतो ते पुन्हा दाखवा ना!” हसू पुन्हाही आलेच, काडीपहिलवान मात्र कुणी म्हटले नाही. माझ्या लेखी हाच खरा अभिप्राय.