'थकवा' या शब्दाची मर्यादा : एका निदान-निकषाची समीक्षा

'क्रॉनिक फटीग सिंड्रोम' हे नाव आजाराला क्षुल्लक ठरवते, म्हणून ते बदलावे, अशी शिफारस अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या २०१५ च्या अहवालाने केली. मराठीत ही अडचण अधिकच तीव्र होते. बदलापूर ते सीएसएमटी हे सुमारे ६८ किलोमीटर उभ्याने कापणारा, उल्हासनगरात शिलाईयंत्रावर वाकणारा, अंबरनाथच्या एमआयडीसीत रात्रपाळी करणारा, यांपैकी थकत कोण नाही? मात्र तो थकवा विश्रांतीने ओसरतो. अहवालाला अभिप्रेत अवस्था निराळी आहे : सहा महिन्यांहून अधिक काळ खालावलेली कार्यक्षमता, झोपूनही न येणारी टवटवी आणि किरकोळ श्रमानंतर, अनेकदा दुसऱ्या दिवशी, बळावणारी लक्षणे; जोडीला एकाग्रतेतील बिघाड किंवा उभे राहिल्यावर वाढणारा त्रास. निदान पक्के करणारी रक्तचाचणी नाही.

हे निकष आपल्याकडे जसेच्या तसे लागू करणे कठीण. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत. तेव्हा रक्तक्षय, थायरॉइड, क्षयरोग आधी तपासणे अपरिहार्यच. परंतु हिमोग्लोबिन सुधारूनही रुग्ण उठू शकत नसेल, तर 'रोज थोडे जास्त चाला' हा (सद्‍हेतूनेच दिलेला) सल्ला अपायकारक ठरू शकतो. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२१ मध्ये क्रमाक्रमाने वाढवायच्या व्यायामाची शिफारस मागे घेतली. 'थकवा येतो का?' यापेक्षा 'काम केल्याच्या दुसऱ्या दिवशी काय होते?' हा प्रश्न निदानाच्या अधिक जवळ नेतो.